चिनीत प्रश्न विचारताय? या चुका टाळा

(सुरांच्या, म्हणजे उच्चारातल्या चढउतारांच्या, खुणा इथे दिलेल्या नाहीत. सूर कानानेच शिका.)

'तू काय खातोस?' हे विचारायला नवशिका हमखास म्हणतो, 'शन्म नी छ्र?' शाळेतल्या इंग्रजीचा 'व्हॉट' डोक्यात वाक्याच्या तोंडाशी बसलेला असतो. इंग्रजी बाजूला सारली की मराठी आड येते आणि होतं 'नी शन्म छ्र?' दोन्ही चूक. चिनीत प्रश्नशब्द उत्तराच्या जागेवर बसतो. म्हणून आधी उत्तर लिहा: 'वो छ्र मीफान', मी भात खातो. 'वो'चा 'नी' करा, 'मीफान' खोडून 'शन्म' लिहा: 'नी छ्र शन्म?' झालं. स्थळ मात्र मराठीसारखंच क्रियापदाआधी येतं: 'नी त्साय नार छ्र फान?', तू कुठे जेवतोस? ॲपवर तयार प्रश्न घोकणाऱ्यांना हा फरक कधीच कळत नाही. वहीत उत्तरं खोडणाऱ्याला दोन दिवसांत कळतो.

दुसरी खोड म्हणजे प्रश्न दिसला की शेवटी 'मा' (आपला हो-नाहीचा 'का') चिकटवणं. पाहुण्याला कोणता पदार्थ हवा ते विचारायचंय आणि तुम्ही म्हणता, 'नी श्यांग छ्र शन्म मा?' तो म्हणतो, 'बू छ्र', नको, आणि विषय संपतो. त्याचं काहीच चुकलं नाही. 'मा' लागला की 'शन्म'चा 'काही' होतो. आपणही 'काय खाणार का?' म्हणतो तेव्हा हो-नाहीच विचारत असतो. पदार्थ विचारायचा तर 'मा' काढा. वाक्य फार तुटक वाटलं तर शेवटी 'न' हा सूर मऊ करणारा शब्द लावा.

'त्सन्म' (कसा) जपून वापरा. 'नी त्सन्म लाय?' म्हणजे कसा येणार, बसने की गाडीने? शेवटी 'ल' जोडलात की तेच 'तू कसा काय आलास?' होतं, आणि दारातला माणूस ओशाळतो. आलेल्याला प्रवासाचं विचारायचं तर 'नी त्सन्म लाय द?'

'वेइशन्म' (कशासाठी, का) वाक्याच्या शेपटीला लावू नका, क्रियापदाआधी ठेवा.

'जी' म्हणजे किती. त्याच्यानंतर मापशब्द, म्हणजे मोजताना नामाआधी लागणारा शब्द, हवाच: 'जी ग रन', किती माणसं; इथे 'ग' हा मापशब्द. आकडा दहाच्या वर जाईलसं वाटलं तर 'दुओशाओ', हाही 'किती'च. तारीख आणि 'किती वाजले' यांना मात्र 'जी'च.

'वो शन्म दोउ बू छ्र'मध्ये 'शन्म' क्रियापदाआधी दिसला म्हणून नियम मोडला असं समजू नका. तो प्रश्नच नाही. 'मी काहीच खात नाही' असा त्याचा अर्थ.

आणि 'जो-तो'साठी वेगळा शब्द शोधत बसू नका, प्रश्नशब्दच दोनदा येतो: 'शेइ श्येन लाय, शेइ श्येन छ्र', जो आधी येईल तो आधी जेवेल.