मॉन्स्टेरा ओब्लिक्वा : ओळखीतल्या आणि निगेतल्या या चुका टाळा

मॉन्स्टेरा ओब्लिक्वा ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांत झाडांच्या बुंध्यांवर चढणारी नाजूक वेल आहे, आणि तिच्याबाबतच्या चुकांची सुरुवात बहुधा पाण्यापासून नव्हे, तर नावापासून होते. या नावाने हाती येणारी बरीचशी रोपे प्रत्यक्षात तिची काटक बहीण मॉन्स्टेरा अडानसोनी असतात. अडानसोनीला बंद काचपेटीत ओल्या मॉसमध्ये (कुंडीत मातीऐवजी वापरतात त्या शेवाळात) कोंडले तर तिला जागा अपुरी पडते आणि मुळे कुजू लागतात. उलट खरी ओब्लिक्वा खोलीच्या कोरड्या हवेत ठेवली तर तिची पाने काही दिवसांतच कडेने करपतात.

जितकी भोके जास्त तितकी ओब्लिक्वा खरी, हा समज सर्वांत फसवा आहे. पेरूमधल्या प्रसिद्ध प्रकारात पानापेक्षा भोकांचाच भाग मोठा दिसतो हे खरे, परंतु याच प्रजातीत अजिबात भोके नसलेली पाने धरणारे प्रकारही आहेत. म्हणून भोके मोजण्यापेक्षा पान बोटांत धरून पाहावे : ओब्लिक्वाचे पान कागदासारखे पातळ असते, तर अडानसोनीचे त्या मानाने जाड आणि आधार मिळाल्यावर बरेच मोठे होणारे. अगदी कोवळ्या रोपावरून मात्र कोणीही छातीठोकपणे नाव सांगू नये, कारण त्या वयात दोन्ही वेली फार सारख्या दिसतात.

दुसरी चूक मला विशेष खटकते, कारण ती मायेपोटीच घडते. ओब्लिक्वा अधूनमधून पाने नसलेला, दोरीसारखा लांब कोंब सोडते, आणि वेल वाळत चालली असे वाटून तो छाटून टाकला जातो. वास्तविक तो धावता कोंब असतो. जंगलात नवे झाड शोधण्यासाठी वेल तो जमिनीवरून पुढे सोडते. त्याची पेरे ओलसर स्फॅग्नम मॉसवर टेकवून ठेवली, तर पेरापेराला मुळे आणि पुढे नवी रोपे फुटतात. पेर नसलेला नुसता पानाचा देठ कितीही दिवस पाण्यात ठेवला तरी त्यातून वेल उगवत नाही.

हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि तापमान साधारण २० ते २८ अंश सेल्सिअस राहील असे पाहावे. मात्र दमट हवा म्हणजे चिखल झालेली कुंडी नव्हे. खालची पाने पिवळी पडून मॉसला आंबूस वास येत असेल, तर पाणी वाढवण्याऐवजी रोप बाहेर काढावे, मऊ तपकिरी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत आणि झाडाच्या सालीचे तुकडे व परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) मिसळलेल्या मोकळ्या माध्यमात ते पुन्हा लावावे. नवे पान अर्धवट उलगडून फाटत असेल तर बहुधा हवा कोरडी असते. पानावर चंदेरी ओरखडे आणि बारीक काळे ठिपके असतील तर फुलकिडे शोधावेत, आणि ते सापडल्यास रोप तत्काळ इतरांपासून वेगळे ठेवावे. थेट ऊन टाळून भरपूर विखुरलेला प्रकाश द्यावा.

छाटणी करताना हातमोजे घालावेत, कारण या कुळातल्या वनस्पतींच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, त्वचेला आणि तोंडाला टोचून आग करणारे स्फटिक असतात. त्याच कारणाने लहान मुले आणि पाळीव प्राणी पान चघळू शकतील अशा जागी ही वेल ठेवू नये.