‘द इनर माउंटिंग फ्लेम’ कसा ऐकावा? सातव्या ट्रॅकपासून सुरुवात करा

जॅझ-रॉक फ्यूजनची कुठलीही यादी काढा, महाविष्णू ऑर्केस्ट्राचा हा पहिला अल्बम त्यात सापडणारच. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाला, त्याच वर्षी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणला. पण यादी वाचून उत्साहाने लावलेला हा अल्बम बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच बंद करतात. गिटार किंचाळतेय, ड्रम्सना उसंत नाही, व्हायोलिन मध्येच घुसतंय आणि ताल कुठे चाललाय याचा पत्ता नाही.

यात कान कच्चा असण्याचा काही संबंध नाही. गाणं ऐकताना आपण सवयीने सगळ्यात ठळक आवाजाचा माग धरतो. इथे पाचही जण ठळक वाजवतात, त्यामुळे कुणाचाच माग लागत नाही. म्हणून उलटं करायचं. प्रत्येक ट्रॅकमध्ये आधी जागचा न हलणारा वादक शोधायचा. कुणीतरी एक जण तीच ओळ पुन्हापुन्हा वाजवत आवर्तन धरून बसलेला असतो. तो सापडला की बाकीच्यांची धावपळ कशाभोवती चाललीय ते आपोआप कळायला लागतं.

आधी पाच जणांची तोंडओळख

पाच जण, पाच गावचे. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. अल्बममधल्या सगळ्या रचना त्याच्याच. १९६९ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि लगेच जॅझचा नामवंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवू लागला. ‘महाविष्णू’ हे नाव त्याला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. ड्रमर बिली कॉबम जन्माने पनामाचा, कीबोर्डवरचा यान हॅमर प्रागचा, व्हायोलिनवादक जेरी गुडमन शिकागोचा आणि बेसवरचा रिक लेअर्ड डब्लिनचा. यातलं लेअर्डचं नाव सगळ्यात कमी घेतलं जातं. ऐकताना मात्र त्याचीच गरज सगळ्यात जास्त पडते.

हॅमरबद्दल एक सांगून ठेवतो. तो या अल्बममध्ये मुख्यतः इलेक्ट्रिक पियानो वाजवतो, पण त्याचा आवाज मुद्दाम फाडलेला, कधी घंटेसारखा खणखणीत केलेला आहे. त्यामुळे ‘ही दुसरी गिटार कुणाची?’ असं वाटलं तर बहुतेक वेळा तो हॅमर असतो.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका

स्पीकर छोटा असला की पहिला जातो तो बेस, म्हणजे नेमका आवर्तन धरणारा माणूसच. मग उरतो तो खरोखरच गोंगाट. साधे हेडफोन चालतील, फार महाग नकोत. शफल बंद करा. अल्बम साधारण ४६ मिनिटांचा आहे, पण पहिल्या दिवशी सगळा ऐकायचा नाही.

सुरुवात: ‘यू नो यू नो’

हा सातवा ट्रॅक, पाच मिनिटांचा, संथ लयीचा. गिटारवर स्वर सुटे सुटे करून वाजवलेली एक छोटी ओळ येते. थोडी मोकळी जागा सुटते, आणि पुन्हा तीच ओळ. शेवटपर्यंत हेच. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, आता काहीतरी सुरू होईल. काही सुरू होत नाही, कारण जे व्हायचंय ते दुसरीकडे चाललेलं असतं.

एकल तबलावादन ऐकलं असेल तर हा मामला ओळखीचा वाटेल. हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. तो बदलत नाही, बदलायचाही नसतो, आणि त्याच्या आधाराने तबला बोलतो. इथे लेहरा गिटारकडे आहे आणि बोलण्याचं काम कॉबमकडे. मोकळ्या जागेत सुरुवातीला तो हलकंसं काही टाकतो, मग जागा भरू लागतो, मग अगदी शेवटच्या क्षणापर्यंत भरत नेतो आणि तरी ओळीच्या सुरुवातीला अचूक हजर. मधूनच व्हायोलिन किंवा पियानो एखादा फटकारा मारून जातात, तेवढंच. ट्रॅक दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त गिटारची ओळ मनात धरा, दुसऱ्यांदा फक्त ड्रम्स. (मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश मंडळींनी १९९१ मध्ये ‘वन लव्ह’साठी हाच तुकडा उचलला. न थांबता फिरत राहील अशी ती ओळ आहेच.)

मग ‘अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स’

ड्रम्स नाहीत, वीज नाही. साधी गिटार, पियानो आणि व्हायोलिन. इथे मोजायचं काही नाही, न हलणारा शोधायचाही नाही. एवढंच लक्षात घ्या की इतर ट्रॅकमध्ये आग ओकणारी हीच माणसं एकमेकांना किती जागा देऊन वाजवू शकतात. मला स्वतःला ही रचना किंचित जास्तच गोड वाटते, पण तिची जागा बरोबर आहे. एलपीवर पहिली बाजू इथे संपायची.

हातावर मोजायचा ट्रॅक: ‘द डान्स ऑफ माया’

अल्बमचं मर्म कळायला हा एक ट्रॅक पुरेसा आहे. त्याला वेळ द्या.

सुरुवातीला एकटी गिटार, सुटे स्वर, अस्वस्थ करणारे कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर). इथे तळहातावर मोजायला लागा. दहा मात्रा भरल्या की ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. झपतालाच्याही दहाच मात्रा, म्हणून त्याचे दोन-तीन-दोन-तीन हे विभाग इथे शोधायला जाल तर फसाल. फक्त दहा मोजा आणि सम पकडा. समेची खूण सोपी आहे, ओळ जिथून नव्याने निघते ती जागा.

मग हे सगळं थांबतं आणि कॉबम डुलत्या चालीचा ब्लूजचा ठेका सुरू करतो. एकदम वेगळंच गाणं लागल्यासारखं वाटतं. हा भाग आपण चारच्या हिशेबात मोजायला जातो आणि दर वेळी कुठेतरी अडखळतो. त्याचं आवर्तन वीस मात्रांचं आहे. वीस म्हणजे दहाची दोन आवर्तनं. हे लक्षात ठेवून पुढे ऐका. शेवटाकडे सुरुवातीची ती अस्वस्थ ओळ परत येते, आणि खाली ब्लूजचा ठेका चालूच असतो. वेगळी वाटलेली दोन गाणी एकमेकांवर बसतात, कुठेही न लडखडता, कारण हिशेब पहिल्यापासून तोच होता. समेवर दोन्ही एकत्र पडतात तेव्हा मैफिलीत जी दाद जाते, तीच इथेही तोंडून जाते.

पहिल्या झटक्यात मोजणी जमली नाही तर ड्रम्सकडे दुर्लक्ष करा. कॉबम मुद्दाम चकवतो. बेस पकडा.

आता पहिला ट्रॅक

‘मीटिंग ऑफ द स्पिरिट्स’ आता लावला की तोच गोंगाट बराच निवळलेला वाटेल. सुरुवातीचे भारदस्त कॉर्ड म्हणजे दार उघडणं. त्यानंतर गिटारवर फिरती ओळ सुरू होते आणि तिच्यावर व्हायोलिन सूर लावतं. म्हणजे इथे आधी गिटार स्थिर आहे. पुढे गिटारच सुटते, तेव्हा बेसकडे जा. लेअर्ड तिथेच असतो. न हलणारा वादक असा ट्रॅकच्या मध्येच बदलतो, आणि तो बदल पकडता आला की हा अल्बम तुमचा झाला.

‘व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन’ नऊ मात्रांचा, त्याची सुरुवातच ड्रम्सनी होते. ‘डॉन’मध्ये सात. ‘द नूनवर्ड रेस’ निव्वळ वेगासाठी ऐकावा. व्हायोलिन, पियानो आणि गिटार पाळीपाळीने सुटतात. ‘अवेकनिंग’ साडेतीन मिनिटांत संपतो, आणि तेच बरं. एवढं झालं की एका बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत, मूळ क्रमाने.

राग शोधू नका

नावात महाविष्णू आणि माया आहे म्हणून यात यमन-भैरवी शोधण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. कॉर्ड जॅझचे आहेत, आवाज रॉकचा आहे. भारतीय संगीताची छाया पडली असेल तर ती आवर्तनाच्या विचारात. मॅक्लॉफ्लिन पुढे अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला आणि माहीमच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ हा बँड उभा केला. सुरांचं ते नातं ऐकायचं असेल तर शक्तीचा १९७६ चा पहिला अल्बम लावा, किंवा मुंबईतच रेकॉर्ड झालेला ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’. त्यात शंकर महादेवनही आहेत.

आणि याच पाच जणांचं आणखी हवं असेल तर ‘बर्ड्स ऑफ फायर’, १९७३. तोवर हॅमरच्या हाती मिनीमूग सिंथेसायझर आलेला आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस हा मूळ पाच जणांचा संच फुटला. ‘बर्ड्स ऑफ फायर’च्या पहिल्याच ट्रॅकला १८ मात्रा आहेत, तेव्हा एक हात मोकळा ठेवा.