रोज ४ अंश

रुग्णालयाच्या फार्मसीत गुणवत्तेच्या कामावर रुजू झाले तेव्हा माझ्या हातात आधी फ्रिजची नोंदवही आली. महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकच आकडा: ४ अंश. मर्यादा २ ते ८ सेल्सिअसची, म्हणजे कागदावर सगळं नीट. पण दिवसभर उघडझाप होणाऱ्या फ्रिजचा आकडा जरा तरी हलायला हवा. आत डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणारं यंत्र, ठेवला, तर पहाटे मागच्या बाजूला तापमान शून्याखाली जात होतं. इन्शुलिन नेमकं तिथंच. गोठून वितळलेलं इन्शुलिन वापरायचं नसतं, आणि नुसतं पाहून ते ओळखू येईलच असं नाही. साठा वेगळा काढला, बॅच नंबर लिहून घेतले, वॉर्डात गेलेलं परत मागवलं.

मग नोंद करणाऱ्याशी बोलले. थर्मामीटर खोक्यांमागे होता, सकाळच्या गर्दीत तो काढून बघणार कधी? कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर बाहेरून दिसेल असा बसवला. पुढच्या आठवड्यापासून आकडे हलू लागले.

नवीन येणाऱ्यांनी ऑडिटच्या फाइलींआधी 'निअर मिस'ची वही वाचावी. रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी अडवलेल्या चुका तिच्यात असतात. ती कोरी असेल तर मला काळजी वाटते. माणसं लिहायला घाबरत असतात. आमच्याकडे एकदा संधिवाताच्या रुग्णाचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाऐवजी रोज असं नोंदलं गेलं. औषध देताना फार्मासिस्टनं अडवलं. हा डोस रोज घेतला तर जिवावर बेततं. कोणी टाइप केलं हे आम्ही विचारलंच नाही. सॉफ्टवेअर आपोआप 'रोज' का धरतं, हे विचारलं. आता मेथोट्रेक्सेट निवडलं की ते आधी वार विचारतं.

बाकीचं हाताखाली काम करता करता येतं: सारख्या नावांची औषधं लांब ठेवणं, आधी मुदत संपणारं आधी देणं, १.० न लिहिता १ लिहिणं, कारण टिंब पुसट झालं की १० होतात. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण मात्र, जे पातळ न करता शिरेतून दिलं तर जिवावर बेततं, वॉर्डाच्या कपाटात दिसलं तर त्याच दिवशी बोला.

आणि एक तरी रात्रपाळी करा. धोक्याची औषधं दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासायची, असा नियम असतो. रात्री फार्मसीत माणूस एकटाच असेल, तर तो दुसरा कोण, हे त्यालाच विचारा.