नवा प्रोसेसर बसवायच्या आधी भिंगाखाली धरा
माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीत दागिने घडवायचे. त्यांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग आता राजारामपुरीत माझ्या टेबलावर असतं. वापरलेला प्रोसेसर नवा म्हणून गळ्यात पडू शकतो, म्हणून कुणीही 'नवा' म्हणून आणलेला प्रोसेसर त्याखाली धरल्याशिवाय मी बसवत नाही. एकदा सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, खटका दाबला की आपलेच वळ उठतात. मग आधीचे कुठले, आपले कुठले, कसं सांगणार? हार्ड डिस्क किती तास चालली ते तिच्यातूनच वाचता येतं. प्रोसेसरचं तसं नाही, तिथं डोळेच कामाला येतात.

मागच्या दिवाळीत उद्यमनगरातल्या एका पोरानं ड्रॉइंगच्या कामासाठी इंटेलचा आय५ प्रोसेसर आणला. सील बघून शंका आली नाही. पण धातूचं झाकण खालच्या हिरव्या पाटीला चिकटतं तिथल्या फटीत करडी रेघ होती. वरचा भाग लख्ख पुसलेला, पण उष्णता पंख्याकडे जावी म्हणून झाकणावर लावतात ती पेस्ट फटीत गेली की सहजी निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेली कापसाची काडी कडेनं फिरवली, ती करडी झाली. कोऱ्या प्रोसेसरला पेस्ट लागेलच कशी? डबा उघडतानाचा व्हिडिओ काढला होता, म्हणून बदलून मिळाला. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरच्या झाकणाला तर खाचा असतात, तिथल्या बारीक कपॅसिटरांत पेस्ट हमखास अडकते.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये झाकणाच्या दोन लांब कडांच्या मध्यावर क्लॅम्प दाबतो. तिथं चमकणारे घासे दिसले तर तो कुठंतरी बसलेला आहे.

खालच्या सोनेरी ठिपक्यांवर एखादा बारीक टोचा दिसला म्हणून लगेच दुकानदाराशी भांडू नका. कारखान्यात तपासतानाही तिथं पिना टेकतात. एकाच ठिपक्यावर शेजारी शेजारी बरेच ओरखडे असतील तर मात्र विचारा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या १३३१ पिना मात्र प्रोसेसरलाच असतात. तो डोळ्यासमोर आडवा धरून ओळी बघा, वाकवून सरळ केलेली पिन रांगेत बसत नाही.

इंटेलच्या डब्यावरचा बॅच नंबर झाकणावर कोरलेल्याशी जुळवा. सोबत पंखा आला असेल आणि त्याच्या बुडाला पेस्ट लावलेली असेल, तर तिच्यावर दाबल्याचा ठसा नको.

ट्रेचा सुटा माल घेताय? त्याला सीलबंद डबाच नसतो आणि इंटेल ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही. बिलावर सीरियल नंबर आणि दुकानाच्या वॉरंटीची मुदत लिहून घ्या, पैसे त्यानंतर द्या.