डाय कास्टिंगमध्ये नवीन आहात? आधी उष्णता कुठून निघते ते बघा

मेकॅनिकल किंवा मेटलर्जी करून चाकण-भोसरीकडच्या ॲल्युमिनियम डाय कास्टिंग शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलात, की लवकरच हातात रिजेक्शनची शीट येते. कोल्ड शट (मेटलचे प्रवाह नीट न जुळणं), श्रिंकेज (आकसल्याने पडलेली पोकळी), सोल्डरिंग (मेटल डायला चिकटणं). नावं तीन, पण बऱ्याचदा मुळाशी एकच प्रश्न असतो: मेटलची उष्णता डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, कुठे, किती वेगाने गेली?

कॉलेजच्या गणितात उष्णता संक्रमण गुणांक, म्हणजे उष्णता पृष्ठभागातून किती सहज पलीकडे जाते ते सांगणारा आपला 'एच', आयता दिलेला असायचा. मशीनवर तो एका शॉटमध्येच, म्हणजे मेटल भरून पार्ट निघेपर्यंतच, पार बदलतो. एडीसी-12 हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू साधारण 650 ते 680 अंशांना ओततात, डाय 200 च्या आसपास असते. कॅव्हिटी, म्हणजे डायमधली पार्टच्या आकाराची पोकळी, भरायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो. मग इंटेन्सिफिकेशनचा, म्हणजे भरून झाल्यावर वाढवलेला, दाब मेटलला पोलादावर दाबून धरतो आणि एच दहा हजारांच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो (एकक: वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश). पुढे पार्ट गोठून आकसतो, भिंतीपासून सुटतो. फट 0.1 मिमीच धरा. गरम हवेची वाहकता 0.05 वॅट प्रति मीटर प्रति अंशाच्या आसपास, तिला फटीने भागलं की एच उरला जेमतेम 500.

कोअरवर, म्हणजे पार्टमध्ये भोक किंवा पोकळी घडवणाऱ्या डायच्या भागावर, मात्र उलटं होतं. आकसणारा पार्ट तिथे आवळून बसतो, फट पडतच नाही. त्यात बारीक कोअर पिनला चहूबाजूंनी मेटल आणि आत पाणी खेळवायला जागा नाही. सोल्डरिंग शोधायचं तर बॅटरी आधी तिथे मारा.

एक हिशेब वहीत करून ठेवा. 1 किलोचा शॉट 670 वरून 300 अंशांवर येताना ढोबळमानाने 700 किलोज्यूल सोडतो, त्यातली निम्म्याहून जास्त नुसती गोठताना. मिनिटाला एक शॉट धरला तर सरासरी 12 किलोवॅट झाले. तेवढी उष्णता पाण्याच्या लाईनने आणि स्प्रेने बाहेर काढायची आहे. मशीन थोडा वेळ जरी थांबलं तरी डाय थंडावते. चहानंतरचे पहिले शॉट बाजूला टाकतात ते म्हणूनच.

स्प्रेबद्दल, म्हणजे शॉटच्या मध्ये डायवर मारतात त्या पाणी-लुब्रिकंटबद्दल, माझं मत ठाम आहे: डाय तापली म्हणून नुसता स्प्रेचा वेळ वाढवणं ही पळवाट आहे. फार तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात, तसंच इथेही वाफेचा थर मध्ये येतो. डाय निवत नाही, लुब्रिकंटही धरत नाही. आधी कूलिंग लाईन उघडून क्षार साचलेत का ते बघा.

मॅग्मासॉफ्ट किंवा प्रोकास्ट ही कास्टिंग सिम्युलेशनची सॉफ्टवेअर जरूर शिका, बाजारात त्याला किंमत आहे. पण त्यात मेटल आणि डायमधल्या इंटरफेसचा एच डोळे झाकून डिफॉल्ट ठेवू नका, डायमध्ये बसवलेल्या थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) आकड्यांशी ताडून बघा. थर्मल कॅमेरा चकचकीत पोलादावर तापमान कमी दाखवतो, हेही ध्यानात असू द्या. आणि फोटो स्प्रेआधीचा की नंतरचा, ते फाईलच्या नावातच लिहा. नाहीतर महिन्याभराने दोन फोटो शेजारी ठेवून काहीच उमगत नाही.