ज्युरी ड्यूटीचं पत्र आलंय? या चुका टाळा

आमच्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या घरी ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे कोर्टात खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात (ज्युरीत) बसण्याचं, समन्स पहिल्यांदा आलं, तेव्हा ते कूपनांच्या चळतीबरोबर थेट रद्दीत जायला निघालं होतं. नवरा म्हणाला, "आपण कुठे इथले नागरिक? टाक फेकून." नागरिक नसलेल्याला ज्युरीत बसता येत नाही, इतकं त्याचं बरोबर होतं. पण ते कोर्टाला कळवायचं कोणी?

मुळात आपल्याला पत्र येतंच का? न्यू जर्सीत ज्युरीची नावं फक्त मतदारयादीतून काढत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्स आणि राज्याचा टॅक्स भरणाऱ्यांच्या याद्याही त्यात असतात. त्यामुळे ग्रीनकार्डवाल्यालाच (कायमच्या रहिवाशालाच) काय, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यालाही पत्र येऊ शकतं. समन्सबरोबरच्या प्रश्नावलीत 'नागरिक नाही' अशी खूण करायची, सही करायची, मागितला असेल तो पुरावा जोडायचा आणि सगळ्याची प्रत स्वतःजवळ ठेवायची. विषय संपला.

खरी महागात पडणारी चूक याच रकान्यात होते. आईबाबांचं ग्रीनकार्ड असतं, प्रश्नावली मुलगा ऑफिसला जाता जाता भरतो, 'अमेरिकेचे नागरिक आहात का' याला सवयीने 'हो' करतो आणि बाबा न वाचता सही ठोकतात. ती सही खरं सांगितल्याची हमी असते. नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात फार गंभीर धरतात. त्यातून ग्रीनकार्ड धोक्यात येऊ शकतं, पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही 'असा दावा कधी केलात का' हा प्रश्न समोर उभा राहतोच. चुकून 'हो' गेलं असेल, तर स्वतःच्या मनाने खुलाशाची पत्रं पाठवत बसू नका, आधी इमिग्रेशन वकील गाठा.

उलटी चूक अमेरिकेचे नवे नागरिक करतात, नागरिक असूनही ज्युरी टाळू बघतात. 'माझ्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड) आहे, म्हणजे मी अर्धा भारतीय' ही पळवाट चालत नाही. ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे.

दुसरा घोळ शब्दांचा. अपात्र असणं, सूट मिळणं आणि तारीख पुढे जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात नागरिक नसलेला, १८ वर्षांखालचा, त्या कोर्टाच्या हद्दीत वर्षभर न राहिलेला किंवा प्रश्नावली भरण्यापुरतंही इंग्रजी न येणारा माणूस अपात्र. एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल असा खटला चालू असलेला, किंवा तशा गुन्ह्यात दोषी ठरून नागरी हक्क परत न मिळालेलाही अपात्र. सैन्यात सक्रिय असलेले, पोलीस आणि अग्निशमन दलातले लोक यांना तिथे सूट असते. राज्यांच्या कोर्टांचे नियम निराळे, म्हणून शिकागोच्या मावशीचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनला लावू नका.

इंग्रजीची सबब तर जपूनच वापरा. दिवसभर क्लायंटशी बोलणारा माणूस 'इंग्लिश येत नाही' लिहितो, तेव्हा तो सहीनिशी खोटं लिहीत असतो. उच्चार मराठी वळणाचा असणं हे अपात्रतेचं कारण नाही.

वयाचंही तसंच. न्यू जर्सीत ७५ पूर्ण झालेल्यांना सूट मिळते, पण मागितली तर. 'बाबांचं वय त्यांना दिसेलच की' म्हणून गप्प राहू नका. आजारपण असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीत नुसतं 'येऊ शकत नाही' नको. काय त्रास आहे आणि तो किती दिवस चालेल, हेही हवं.

डिसेंबरची मुंबईची तिकिटं काढलेली असतील, तर सूट मागू नका, तारीख बदलून मागा. ती बऱ्याचदा सहज मिळते, पण समन्सवरच्या मुदतीत मागायला हवी. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, हे कारण सहसा टिकत नाही. फेडरल ज्युरी ड्यूटीसाठी मालक नोकरीवरून काढू शकत नाही, मात्र त्या दिवसांचा पगार द्यायची सक्ती फेडरल कायद्यात नाही. फेडरल कोर्ट रोजचे ५० डॉलर देतं.

आणि काहीच उत्तर दिलं नाही तर? फेडरल कोर्टाचं समन्स असताना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात, तर १००० डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवा, किंवा हे सगळं एकत्रही होऊ शकतं. पण 'तुम्ही ज्युरीला आला नाहीत, आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डने दंड भरा' असा फोन आला, तर तो खुशाल ठेवून द्या. कोर्ट असे पैसे मागत नाही.