प्रदर्शनाला कोंबडा नेताय? धुण्यापासून गाडीपर्यंत या चुका टाळा

प्रदर्शनात देखणा पक्षी मागे पडतो तेव्हा बहुतेक वेळा जातीत खोट नसते, तयारी उशिरा सुरू झालेली असते. सोलापूरकडे असील, कडकनाथ, ब्रह्मा, सिल्की अशा जातींच्या कोंबड्या जीव लावून वाढवणारे खूप हौशी लोक आहेत. पण धुणं, नखं, लस, पिंजरा, गाडी ही सगळी कामं आदल्या दिवशी उरकायची म्हटलं की पक्षी बिथरतो आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. तारीख कळली की तिथून मागे मोजत या.

दोन महिने आधी

सगळ्यात आधी पिसं बघा. तुटलेलं पीस आपोआप भरून येत नाही. त्याचा खुंट पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत तसाच राहतो. खुंट मुळासकट काढला तर नवीन पीस पूर्ण यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. प्रदर्शन महिन्यावर आलं असेल तर त्याला हात लावू नका. अर्धवट वाढलेलं, दांडीत रक्त दिसणारं पीस तर कधीच उपटू नका, त्यातून बराच रक्तस्राव होतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. आपल्याकडे घरात ज्वारी असते, म्हणून कोंबड्यांनाही तीच पडते. ज्वारी चांगलीच आहे, पण तिच्यात पिवळा रंग देणारं द्रव्य फार कमी असतं. ऱ्होड आयलंड रेड, लेगहॉर्न, कोचीन अशा पिवळ्या पायांच्या जातींचे पाय मग फिकट पडतात आणि मालकाला वाटतं पक्षी आजारी आहे. काही आठवडे आधीपासून पिवळा मका आणि लसूणघासाचा हिरवा चारा चालू करा. अंड्यावर असलेल्या कोंबडीचे पाय तरीही फिकट राहतील, कारण तो रंग बलकात जातो.

पांढरा पक्षी असेल तर त्याला सावलीत ठेवा. आपल्या उन्हात पांढरी पिसं पितळेसारखी पिवळसर होतात आणि ती झाक धुऊन जात नाही.

उवा आणि पायाची खवलं

शेपटीखाली आणि पंखांच्या आत पिसं बाजूला करून बघा. पिसाच्या बुडाशी पांढरट गुठळ्या दिसल्या तर ती उवांची अंडी आहेत. बरेच जण एकदा पावडर लावून मोकळे होतात. पावडरीने उवा मरतात, अंडी मरत नाहीत. दहा दिवसांनी पुन्हा लावावीच लागते. पायाची खवलं उचललेली, खरखरीत दिसत असतील तर आत किडे आहेत. त्यावर तेल किंवा व्हॅसलीन लावत राहिलं तरी पाय साफ व्हायला आठवडे जातात. असा पक्षी घरीच ठेवा, शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यालाही ते लागतं.

राणीखेत या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाची लस प्रदर्शनाच्या निदान तीन आठवडे आधी झालेली हवी. आदल्या आठवड्यात टोचली तर तोवर संरक्षण तयार होत नाही, उलट पक्षी मरगळतो. त्याच सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आरोग्य दाखल्याचं विचारून घ्या. बर्ड फ्लू आपल्या राज्याला नवा नाही. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात तो आला होता. साथ असेल त्या भागात पक्ष्यांची ने-आण बंद होते, म्हणून निघण्याआधी पशुसंवर्धन विभागाकडे चौकशी करा.

धुताना

असीलला पूर्ण आंघोळ लागत नाही. त्याची पिसं आखूड आणि घट्ट असतात. ओल्या फडक्याने अंग पुसलं, जुन्या दातब्रशने पाय घासले की पुरे. सिल्की, कोचीन आणि पांढऱ्या पक्ष्यांना मात्र धुवावं लागतं, तेही तीन-चार दिवस आधी. धुतल्यावर पिसांवरचं नैसर्गिक तेल जातं. पक्षी शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पुन्हा अंगभर पसरवतो, मग चमक येते. आदल्या रात्री धुतलेला पक्षी सकाळी निस्तेजच दिसतो.

पाणी कोमट घ्या. लहान बाळाचा शाम्पू चालतो, कपड्याचा साबण नको. पिसाच्या दिशेनेच हात फिरवा. बोअरच्या जड पाण्यात साबण पूर्ण निघत नाही आणि पिसं चिकट, विस्कटलेली राहतात. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर तो थर सुटतो. नंतर आपल्या सोलापुरी टॉवेलने टिपून घ्या, रगडू नका. संक्रांतीच्या थंडीत ओला पक्षी रात्री उघड्यावर राहिला तर त्याला सर्दी धरते, म्हणून सकाळीच धुऊन दुपारपर्यंत कोरडा करा.

नखं आठवडाभर आधी, टोकापुरतीच कापा. रक्त आलं तर तुरटीची पूड दाबून धरा. अंगाला तेल चोपडून चकाकी आणू नका. त्यावर प्रवासातली धूळ बसते आणि परीक्षकाच्या हाताला ते लगेच कळतं.

पिंजऱ्याची सवय

अंगणात मोकळा फिरलेला कोंबडा जाळीच्या पिंजऱ्यात घातला की धडका मारतो. शेपटी तिथेच मोडते. दोन आठवडे रोज थोडा वेळ त्याला तशाच पिंजऱ्यात ठेवा. दार उघडा, छातीखाली हात घालून पाय बोटांमध्ये धरून बाहेर काढा, पंख उघडून बघा, आत ठेवताना डोकं आधी घाला. परीक्षकही साधारण हेच करणार असतो. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हे करायला लावा, म्हणजे अनोळखी हाताचीही भीती जाते.

वाटेत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं आणि तोंड उघडून धापा टाकणं हाच तिचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. त्यासाठी वारा हवा. म्हणून पिंजऱ्यावर सोलापुरी चादर टाकणं ही मोठी चूक आहे. ती जाड विणीची असते, आत हवा खेळत नाही. सावली हवी असेल तर पातळ सुती कापड एकाच बाजूने लावा.

पुणे साधारण २५० किलोमीटर आहे. पहाटे निघा, म्हणजे ऊन चढण्याआधी पोहोचाल. टेंभुर्णीला चहाला थांबलात तर गाडी काचा लावून उन्हात उभी करू नका. थंडीतही बंद गाडी पाच-दहा मिनिटांत तापते. प्रत्येक पक्ष्याला वेगळी पेटी द्या, दोन कोंबडे एकत्र तर अजिबात नको. तळाला नुसता वर्तमानपत्राचा कागद घातला तर पाय घसरून फाकतात. त्याऐवजी भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. पाय बांधून, उलटं लटकवून मोटरसायकलवर नेणं क्रूर तर आहेच, १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हाही आहे.

निघण्याआधी चार तास दाणा बंद करा, पाणी चालू ठेवा. उघडं भांडं पेटीत सांडतं, त्यापेक्षा वाटेत काकडीच्या किंवा कलिंगडाच्या फोडी द्या आणि दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी पाजा. काही पक्षी परक्या गावचं पाणी पीत नाहीत. घरी आठवडाभर पाण्यात किंचित गूळ घाला आणि तिथेही तसंच द्या, ओळखीची चव लागली की पितात.

तुरा जांभळट पडला, पंख अंगापासून सुटले, मान खाली गेली, तर पक्ष्याला ऊन लागलंय. त्याला लगेच सावलीत, वाऱ्यावर घ्या. पाय साध्या गार पाण्यात बुडवा, बर्फाचं पाणी टाळा. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. चोच भांड्यात बुडवून त्याला स्वतः पिऊ द्या.

परत आल्यावर बक्षीस मिळालेला पक्षीही थेट खुराड्यात सोडू नका. तीन आठवडे त्याला वेगळा ठेवा, घरच्या कोंबड्यांना आधी दाणापाणी द्या आणि त्याच्याकडे शेवटी जा. पेट्या जंतुनाशकाने धुऊन उन्हात वाळवा, तूस जाळून टाका.